बुजवलेलं दार

अमोनियाचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. मुतारीच्या वासाशी त्याचं नातं आहे, पण फार लांबचं. खरा अमोनिया नाकात शिरत नाही, सरळ कानशिलात मारतो. डोळे मिटतात, घसा आवळतो आणि माणूस जिकडे तोंड असेल तिकडे पळत सुटतो, मग तिकडे दार असो की भिंत. या वासाच्या संगतीत माझी सगळी नोकरी गेली. आता घरी बसलोय, तरी शेजारच्या ओट्यावर कुणी केसांना कलप लावायला बसलं की मी उठून उभा राहतो. सुमन, म्हणजे माझी बायको, मला हाताला धरून खाली बसवते.

मी कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर होतो. लोक मिस्तरी म्हणायचे. नाशिकची द्राक्षं कुठे पिकतात हे साऱ्या जगाला माहीत आहे, पण तोडल्यावर ती कुठे झोपतात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. द्राक्ष वेलीवरून उतरवलं तरी मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं, आणि उन्हात जेवढा जास्त श्वास घेईल तेवढं लवकर म्हातारं होतं. म्हणून पहाटे-सकाळी तोडणी करायची, पॅकहाऊसमध्ये बायांनी कात्रीने खराब मणी काढून घड खोक्यात भरायचे, आणि दुपार व्हायच्या आत त्या मालाच्या अंगातली उष्णता काढून घ्यायची. मग पार शून्याच्या आसपास थंड केलेल्या खोलीत ठेवायचा, तिथून कंटेनरमध्ये, तिथून जहाजावर. समुद्रापलीकडच्या बाईने तीन-चार आठवड्यांनी खोकं उघडलं तर देठ हिरवा दिसला पाहिजे. हिरव्या देठासाठी माझं मशीन चालायचं, आणि मशीनच्या पोटात अमोनिया फिरायचा. दाबून द्रव केलेला अमोनिया मोकळा सोडला की तो सभोवतालची उष्णता खेचून घेतो. तेवढंच त्याचं काम. पण पाइपातून बाहेर आला तर तो हेच तुमच्या डोळ्यांतल्या आणि छातीतल्या ओलीबरोबर करायला बघतो.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटली. पिंपळगावजवळच्या आमच्या स्टोरेजला एक बागायतदार यायचे, त्यांना माल आत ठेवला की चैन पडत नसे. दर थोड्या वेळाने गोधडी पांघरून आत जायचे, स्वतःच्या खोक्यावर हात ठेवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "मिस्तरी, त्या कोपऱ्यात गार कमी लागतंय." गोधडीतून त्यांना गार कसं कळत होतं, देव जाणे. एका पुढाऱ्याने मुलीच्या लग्नाचे बुंदीचे लाडू ठेवायला पाठवले. मी नाही म्हटलं, साहेबांनी हो म्हटलं, आणि लग्नात पंगतीने दगड खाल्ले. परदेशी खरेदीदार आले तर थंड खोलीत शर्टावर उभे राहून गप्पा मारायचे आणि आमच्या संचालक मंडळाचे दात वाजायचे.

हे हसण्यावारी नेण्यासारखं. भीती मात्र मला मालेगावच्या माझ्या उस्तादांनी शिकवली. बर्फाच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते रोज मशीनरूमच्या दारात थांबून नाक वर करायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. मी एकदा हसलो तर म्हणाले, "बेटा, नयी जगह जाना तो पहले मशीन मत देखना. दूसरा दरवाजा देखना." मी पुढे कुठेही गेलो तरी आधी तेच बघितलं. लग्नाच्या हॉलात गेलो तरी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझं गाव बेलखेडे. नव्वदच्या दशकात दहा-बारा गावांच्या द्राक्ष सोसायट्यांनी मिळून एक महासंघ केला. एक पॅकहाऊस, एक कोल्ड स्टोरेज (मी मिस्तरी होतो ते पिंपळगावजवळचंच), एकच खोकं, खोक्यावर एकच नाव. बाहेरच्या देशात विकायचं तर एकट्या गावाला कोण विचारतो, असा त्यामागे विचार. त्या काळात जागतिक व्यापाराचा करार नुकताच आला होता. आपल्या देशाने त्यात राहावं की बाहेर पडावं यावर हायवेच्या टपरीवर रोज खडाजंगी व्हायची. कप फुटायचे, पण घरी जाताना दोन्ही बाजूंचे लोक एकाच मोटरसायकलवर बसून जात. देश लांब होता. महासंघ जवळ होता, त्याचं भांडण आलं तेव्हा कुणी कुणाला मोटरसायकलवर घेतलं नाही.

ते असं झालं. दोन हजार सालानंतरच्या एका हंगामात महासंघाचा माल परदेशातल्या बंदरावर अडवला गेला. तपासणीत फवारणीच्या औषधाचा अंश निघाला. औषध मारलं होतं भलत्याच गावातल्या एका शहाण्याने, पण खोकं सगळ्यांचं एकच, त्यामुळे सगळ्यांचाच माल गेला. बेलखेड्याला हे फार लागलं. आमच्या गावाला आपल्या मालाचा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. विलासभाऊंनी पहिला आवाज उठवला. विलासभाऊ म्हणजे माझे साडू, सुमनच्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे मालक. शिकलेला, सरळ, तापट माणूस. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या हागल्या पोराचं आपण किती दिवस धुवायचं? आपलं खोकं, आपलं नाव. बाहेर पडू."

त्यांच्या समोर उभे राहिले दगूनाना. नाना म्हणजे महासंघ उभा करायला गावोगाव पायपीट केलेला म्हातारा. डोक्याला टोपी, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर वेशीवरची कुत्री उठावीत. नाना म्हणाले, "एकट्यानं गेलास तर पहिल्या बंदरावरच तुला फाडून खातील. आज पोळलंय म्हणून चूल फोडतोस व्हय?"

आठवडेच्या आठवडे हे चाललं. जाणारे राहणाऱ्यांना 'शेपूटवाले' म्हणायचे, राहणारे जाणाऱ्यांना 'फुटीर'. त्या वर्षी सप्त्यात दोन महाप्रसाद झाले, आणि कीर्तनकार बुवांना दोन्हीकडे थोडं थोडं जेवावं लागलं. एका साखरपुड्यात मुलाचा चुलता 'फुटीर' निघाला म्हणून मुलीकडच्यांनी टोप्या घेतल्या आणि चालते झाले. शेवटी मंदिराच्या सभामंडपात सोसायटीची सभा झाली. हात वर झाले. थोड्याशा हातांनी जाणारे जिंकले. मी खांबाला टेकून बघत होतो. मला बाग नाही, म्हणून मी सभासद नाही, म्हणून माझा हात खाली. सुमन आणि गावातल्या चाळीसेक बाया महासंघाच्या पॅकहाऊसमध्ये कात्री चालवायच्या, त्यांचा तर सभामंडपात येण्याचाच प्रश्न नव्हता. त्या दिवशी त्या कामावर होत्या. गाव महासंघातून बाहेर पडल्याचं त्यांना संध्याकाळी टेम्पोत बसल्यावर ड्रायव्हरकडून कळलं.

महासंघाच्या मॅनेजरने मला बोलावून चहा पाजला. एवढ्या वर्षांत त्याने कधी पाजला नव्हता, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "तुमच्या गावानंच असं ठरवल्यावर," एवढं बोलून त्याने माझ्या हिशेबाचं पाकीट पुढे सरकवलं. बायांचंही काम तसंच गेलं. आणि त्याच आठवड्यात विलासभाऊ घरी आले.

"साडूभाऊ, आपलं मशीन येतंय. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देऊ?"

मशीन आलं ते एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातलं. जुनं होतं पण टाकाऊ नव्हतं. मी पंधरवडाभर त्याला खोलून, धुऊन, नवी पॅकिंगं घालून उभं केलं. शेड मात्र घाईत बांधली होती. जागा विलासभाऊंची, रस्त्याकडच्या तोंडाला मशीनरूम, तिला लागून बोळ, बोळातून आत बायांचा पॅकिंग हॉल, आणि त्याच्या बाजूला थंड खोली. हॉलचं पुढचं दार बोळात उघडायचं, म्हणजे मशीनच्या अंगावरच. मला ते आवडलं नव्हतं. पण हॉलला मागच्या बाजूने एक दार होतं, ते पाहून मी गप्प बसलो.

त्या मागच्या दाराबाहेर चार पावलांवर बांध होता, आणि बांधापलीकडे दगूनानांची बाग. मांडवावर चढवलेली, मालाने भरलेली. नानांचा माल अर्थात महासंघालाच जायचा. बाया दुपारी घरी भाकरी करायला त्या दाराने निघून नानांच्या बांधावरून पाच मिनिटांत गावात पोचायच्या. पुढून गेलं तर केवढा तरी वळसा.

नानांनी एके दिवशी बांधावर बाभळीच्या काट्या टाकल्या. बायांनी पदर खोचून त्या ओलांडल्या. मग नाना स्वतः बांधावर येऊन उभे राहिले आणि त्या आवाजात म्हणाले, "जे महासंघातून गेले त्यांनी माझ्या बांधावरून बी जायचं नाय!" हे शेडमध्ये ऐकू आलं, रस्त्यावर ऐकू आलं, बहुतेक तालुक्याला ऐकू आलं. विलासभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्या दिवशी मालेगावला व्हॉल्व्ह आणायला गेलो होतो. परत आलो तर हॉलच्या मागच्या भिंतीत दार नव्हतं. विटा लावून, सिमेंट थापून, दार बुजवलं होतं. गवंडी थापी धुवत होता.

"विलासभाऊ, हे काय केलं?"

"त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर आपलं दार नको. आपली बाई त्याच्या बांधावर पाय ठेवणार नाय."

"अहो, पण आत बाया असतात. मशीन बोळाला लागून आहे. काही झालं तर कुठून निघायचं?"

"काय होतंय? तुम्ही हायेत ना?" मग जरा नरमून म्हणाले, "हंगाम होऊ द्या, साडूभाऊ. उत्तरेला नवीन दार काढू. शपथ."

उत्तरेला थंड खोली होती. तिकडून दार काढायचं तर खोलीच पाडावी लागली असती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. भांडणात माणूस बोलतो एक आणि त्याला ठाऊक असतं दुसरं. घरी मी सुमनला म्हणालो, "तू उद्यापासून जाऊ नको."

ती भाकरी थापत होती. "का?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, मिस्तरीची बायकोच येईनाशी झाली तर बाकीच्या काय समजतील? मशीन फुटणार हाय असंच ना? मग एक बी यायची नाय. आन् इलासभाऊ तुमच्या नावानं खडे फोडतील."

"मग नको येऊ दे एकही."

"आन् खायचं काय त्यांनी?"

ती जात राहिली. मी रोज सकाळी गंधकाची वात पेटवून प्रत्येक सांध्याजवळून फिरवायचो. अमोनिया झिरपत असेल तर त्या जागी पांढरा धूर दिसतो. धूर दिसला नाही तरी मला बरं वाटत नसे. जेवताना कान मशीनकडे. आवाज जरा बदलला की घास तसाच ठेवून पळायचो. विलासभाऊ थट्टा करायचे, "साडूभाऊ, बाळंतिणीला इतकं कोणी जपत नाय." दुपारी घरी सुमनला मी हेच सांगत बसायचो, की कधी काही झालंच तर ओढणी, पदर, मिळेल तो कपडा ओला करून तोंडावर धरायचा, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. तिला ते पाठ झालं होतं. ती म्हणायची, "पुरे आता, आमटी गार झाली."

तोडणी ऐन भरात होती. लोडशेडिंगमुळे वीज जात-येत होती, जनरेटरवर मशीन बंद-चालू करावं लागत होतं, आणि जुन्या मशीनला ते सोसत नाही. त्या दुपारी वीज आली, मी मशीन सुरू केलं, आणि अमोनियाच्या टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या जोडावरचं गॅस्केट, म्हणजे वायू अडवणारी चकती, गेलं. आवाज झाला तो कुकरची शिट्टी अडकावी तसा. पुढच्या क्षणाला पांढरा लोट जमिनीवरून सरकत बोळात भरला.

वायू गाळणारा मुखवटा माझ्या कमरेला होता. तो चढवून मी बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. उजवीकडे हॉलचं दार, त्यातून बायांच्या किंकाळ्या. डावीकडे मशीनरूम, आणि तिच्या आत टाकीचा व्हॉल्व्ह. मुखवटा एक. हॉलात शिरलो तर मी फार तर एकीला बाहेर ओढणार, आणि तोवर टाकीतला सगळा अमोनिया बाहेर. व्हॉल्व्ह बंद केला तरच कुणी वाचणार. हे मला त्या वेळी विचार करून सुचलं असं नाही. हात-पाय शिकवलेले होते, ते डावीकडे गेले. पण माझ्या कानात सुमनचा आवाज होता. किंकाळ्यांतून तिचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता, आणि मी तिच्याकडे पाठ करून चाललो होतो. इतका भ्यालेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

व्हॉल्व्ह थंडीने आखडला होता. चाक फिरेना. मुखवट्याच्या काचेच्या कडेने वायू आत शिरला, डोळे जळायला लागले. मी आईचं नाव घेतलं, मशीनला शिवी दिली, पुन्हा आईचं नाव घेतलं. चाक सुटलं. फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, आणि शिट्टी बारीक होत थांबली.

बाहेर आलो तर बोळात तसंच पांढरं. गळती थांबली तरी आधीचा वायू कुठे जातो? हॉलच्या दारात शिरलो. माझा हात मला दिसत नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे किंकाळ्या थांबल्या होत्या. पलीकडच्या टोकाला नुसते धपधप आवाज येत होते. मी बाहेर पळालो आणि शेडला वळसा घालून मागे गेलो.

मागे बांधावर दगूनाना होते. टोपी पडलेली, हातात पहार. त्यांच्याबरोबर बागेत काम करणारे पेठ तालुक्यातले दोन मजूर, तेही कुदळीने विटा फोडत होते. आतून बाया हाताने भिंत बडवत होत्या, ते ऐकून नाना मांडवाखालून पळत आले होते. वाटेत स्वतःच्या मांडवाची तार आडवी आली ती त्यांनी तोडली होती. सिमेंट ताजं होतं म्हणून बरं. पहिली वीट आत पडली आणि भोकातून हात बाहेर आले. कितीतरी हात. नाना त्या हातांना ओरडून सांगत होते, "मागं सरा गं पोरींनो, मागं सरा, पहार लागंल!" आणि रडत होते.

भोक मोठं झालं. एकेक बाई ओढून काढली. मांडवाखालच्या सावलीत त्या आडव्या पडल्या, खोकत, ओकत. सगळ्यांच्या तोंडाला ओले कपडे बांधलेले. सुमनने हॉलातले पिण्याच्या पाण्याचे माठ फोडायला लावले होते, सगळ्यांचे रुमाल-ओढण्या त्या पाण्यात भिजवल्या होत्या आणि सगळ्यांना त्या बुजवलेल्या दाराशी नेऊन बसवलं होतं. विलासभाऊंची शोभा त्या दिवशी देखरेखीला आली होती, तीही निघाली. विलासभाऊ धावत आले आणि तिला कवटाळून मटकन खाली बसले. सुमन निघेना. मी भोकातून आत शिरायला गेलो तर नानांनी मला कॉलरला धरून मागे ओढलं आणि ते स्वतः अर्धे आत वाकले. शेवटी तिला त्यांनीच काढली. तिच्या तोंडावर काही नव्हतं. तिचा ओला पदर फाडून शोभाच्या तोंडाला बांधलेला मी आधीच पाहिला होता, फक्त तो कुणाचा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एकही बाई गेली नाही. देवाची कृपा म्हणा, वाऱ्याची म्हणा, ताज्या सिमेंटची म्हणा. काहींचे डोळे महिनाभर लाल राहिले. सुमन नाशिकच्या दवाखान्यात राहिली. जीव वाचला, छाती सावरली, पण आवाज गेला तो परत आला नाही. कुजबुजल्यासारखी बोलते, आणि तेही समोरचा कान देईल तर.

नानांच्या बागेची शेडकडची बाजू वायूने भाजून निघाली. पानं तपकिरी झाली, मण्यांवर डाग पडले. त्यांची तोडणी दोन-चार दिवसांवर आली होती. महासंघाची माणसं आली, बघितलं आणि म्हणाली, नियमात बसत नाही. ज्या महासंघासाठी नाना अख्ख्या गावाशी भांडले त्याने त्यांचा माल नाकारला. नियम बरोबरच आहे, एवढंच नाना मला म्हणाले.

गावात मग पुन्हा आग लागली. जाणाऱ्यांतले बरेच जण घाबरले होते. त्यांना वाटायला लागलं, चूक झाली, महासंघाच्या पाया पडून परत जाऊ. काही हट्टाला पेटले, की आता तर मुळीच जायचं नाही. राहणारे 'बघा, सांगितलं नव्हतं?' म्हणत मिश्या पिळत होते. कोणाची चूक यावर पारावर मारामारी झाली, एकाचा दात पडला. या सगळ्यात बायांचं नाव कुणी घेत नव्हतं. शेड बंद होती. मला विलासभाऊंनी मशीन दुरुस्त करायला सांगितलं, मी जोड बदलला, पण पुन्हा सुरू करायचं धैर्य होईना. मागच्या भोकाला ताडपत्री लावली होती. मी मशीनरूममध्ये नुसता बसून राहायचो.

सोसायटीने पुन्हा सभा बोलावली. परत जायचं की नाही, एवढाच विषय. सभामंडप गच्च भरला. वीज नव्हती, म्हणून कीर्तनाचा माईकही मुका. विलासभाऊ बोलले, लोक ओरडले. दुसरे बोलले, लोक ओरडले. मग सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. मला वाटलं, म्हातारा आता सगळं वसूल करणार. नाना उठले आणि म्हणाले, "भिऊन जायचं आसंल तर नका जाऊ. भेलेल्याला दारातच उभं ठेवतात. इचार करून जायचं आसंल तर मी संगं येतो."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. बाया आल्या होत्या, सगळ्या. पुढे सुमन. मला तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या मधून वाट काढत ती थेट पुढे आली, देवाला हात जोडले आणि वळून बोलायला लागली.

कुणाला काही ऐकू येईना. मागून लोक म्हणायला लागले, "काय म्हणतीये? मोठ्यानं!" एकजण हसलाही. मी उठायच्या आत नाना तिच्याजवळ गेले. कान तिच्या तोंडाशी नेला, आणि ताठ उभे राहून ओरडले, "ती म्हणती, म्हासंघात ऱ्हावा नायतर भाईर ऱ्हावा, तुमचं तुमी ठरवा!"

सुमन पुढचं बोलली. नानांनी पुन्हा कान दिला.

"ती म्हणती, हात वर करताना तुमी आमाला इचारलं नव्हतं. आता आमी न इचारता सांगतो. मागचं दार होत नाय तवर एक बी बाई शेडमधी पाय ठेवणार नाय!"

मागे उभ्या बायांनी माना हलवल्या. विलासभाऊ म्हणाले, "ताई, उद्याच करतो." सुमनने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य बोलली.

"ती म्हणती, भिंत इलासभाऊनी बांधली!"

विलासभाऊंनी मान खाली घातली. मग सुमन नानांच्या डोळ्यांत बघत आणखी काहीतरी बोलली. मी पुढेच बसलो होतो, मला ते ऐकू आलं. नानांनाही आलं होतं. पण ते बोलेनात. बोटं नुसती टोपीच्या कडेशी चाळा करत राहिली. या माणसाने तिला त्या भोकातून ओढून काढलं होतं, आपली बाग घालवली होती, आणि आज सगळ्या गावात तिला त्यानेच आवाज दिला होता.

"नाना, काय म्हणली ती?" मागून कुणीतरी विचारलं.

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"ती म्हणती, भिंत इलासनं बांधली, पर वाट दगूनं अडवली. दगूनं काट्या टाकल्या नसत्या तर दार बुजवायची येळच आली नसती."

सुमन 'नानांनी' म्हणाली होती. 'दगूनं' त्यांचं स्वतःचं.

"मागं ऐकू गेलं का?" नानांनी विचारलं.

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हा त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.